त्यांना उचलणारे हात

ती. ताईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते, इथूनच.

मी बरी आहे. संध्याकाळचं जेवण सोडून चार महिन्यांत अकरा किलो उतरले. गुडघेही थांबलेत कुरकुरायचे. तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना?

परवा मात्र लॉन्ड्रीत ओल्या चादरींचं गाठोडं मला उचलेना. मुकादमबाई म्हणाल्या, "मावशी, वजन तुमचं उतरलंय, चादरींचं नाही!" मीही हसले. मग वाचनालयातून पुस्तक आणलं. नुसतं उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, असं त्यात लिहिलंय.

ताई, हे जाण्याआधी दोन वर्षं अंथरुणावर होते. अंघोळीला, कूस बदलायला मीच त्यांना उचलायचे. त्यामुळेच या हातांत बळ आलं होतं. त्यांचं तेवढंच माझ्या अंगात उरलं होतं, तेही मी घालवून बसले.

आता संध्याकाळीही जेवते, डाळ आणि अंडी खाते, आणि भरलेली बादली रोज वीसदा उचलते. गेलेलं बळ परत येतं, असंही पुस्तकात आहे.

काल बादली उचलताना, त्यांना उचलताना म्हणायचे तेच तोंडून निघालं, "माझ्या मानेला घट्ट धरा हं."

तुझी,
धाकटी