डाव्या हातातली तलवार

तात्यापारा, रायपूर
पितृपक्षातली अष्टमी

ती. इंदूवहिनींना धाकट्या दिराचा, म्हणजे शालिग्रामचा, एका हाताने केलेला नमस्कार. (नमस्कार दोन्ही हातांनी करतात हे मला ठाऊक आहे. उजवा प्लास्टरमध्ये आहे, कारण पुढे येईलच.) आम्ही सर्व इथे खुशाल आहोत, उजवं मनगट सोडून. तुमचा गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दादांना नीट दिसायला लागलं का, की पेपर अजून तुम्हीच वाचून दाखवता? अभनपूरकडे धान कसं आहे? आणि तांदळाच्या कोठीवर ते जुनं जड झाकण अजून ठेवता ना? (सहज विचारलं.)

हे अक्षर पाहून तुम्ही पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं असेल. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन दादा उचलतात, आणि दादा नि मी लग्नकार्यात आणि मयतीत ‘बरं आहे ना’ यापलीकडे बोलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं! म्हणून पत्र, आणि तेही डाव्या हाताने. तुमची जाऊ क्षमा म्हणाली, मी लिहून देते, तुम्ही सांगा. पण मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढले, एक नकाशा अर्धवट सोडला नाही. (कालवे सुटले असतील, तो माझा विभाग नव्हता.)

आमची ईरा तेलीबांध्याला एका कंपनीत आहे एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ती तिथे नेमकं काय करते हे मलाही यंदा श्रावणातच कळलं. ती मंडळी कॉम्प्युटरवर खेळायचे लढाईचे खेळ बनवतात. सध्याचा खेळ भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आलेल्या एका शिलेदाराचा आहे, आणि त्याची शस्त्रं, कपडे, घोड्याचं खोगीर हे सगळं खरं असावं हे पाहायचं काम ईराचं. खेळाच्या शेवटी ‘इतिहास’ असं लिहून पुढे तिचं नाव येणार आहे. आपल्या घराण्याचं नाव इतिहासापुढे प्रथमच लागतंय, त्यामुळे मी आनंदात होतो.

तर सत्यनारायणाच्या प्रसादाला तिचा साहेब लोकेश घरी आला. (साहेब म्हणजे तीस वर्षांचा पोट्टा, अर्ध्या चड्डीत ऑफिसला जातो.) बैठकीत आपल्या मूळपुरुषाचं, यशवंतरावांचं चित्र तुम्ही पाहिलंय. मिशा, पागोटं आणि दोन्ही हातांत दोन लांब तलवारी. लोकेशने शिऱ्याचा द्रोण बाजूला ठेवून चित्राचा फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी खेळातल्या शिलेदाराच्या हाती दोन तलवारी आल्या. त्यांचा हिशेब सरळ आहे. एका तलवारीने शत्रूला दहा जखमा होत असतील तर दोन तलवारींनी वीस. ईरा भडकली, तेव्हा तिची समजूत घालायला लोकेश संध्याकाळी पुन्हा आमच्या बैठकीत हजर. घोड्यावर बसल्यावर लगाम काय दाताने धरायचा? बाण आला, भाला आला तर अडवायचा कशाने? डाव्या हातात ढाल असायची, फार तर आखूड कट्यार. पट्टा आणि तलवार एकदम चालवणारे होते म्हणतात, पण त्यांचा जन्म त्या सरावात गेला, सगळ्या फौजेला ते कसं जमणार? लोकेशने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, “दीदी, फोटो तो आपके ही घर का है.”

ईराने माझ्याकडे पाहिलं. “बाबा, आप ही बता दो इनको.” वहिनी, त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण परक्या पोराने आपल्याच बैठकीत आपल्या मूळपुरुषावर बोट ठेवावं हे मला सोसेना. मी म्हणालो, आमचे यशवंतराव दोन्ही हातांनी लढायचे, आणि पाहिजे तर मीही महिनाभरात लढून दाखवतो. ईरा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ठीक आहे, ऑफिसात येऊन दाखवा. जमलं तर मी गप्प बसेन. नाही जमलं आणि तरी हे लोक दोन तलवारी ठेवणार असतील, तर दसऱ्याच्या आत मी नोकरी सोडेन. खोट्याखाली मी माझं नाव घालणार नाही. (हट्ट कोणाकडून आला असा प्रश्न क्षमा अधूनमधून विचारते. मी ऐकलं न ऐकलं करतो.)

मग मी कंबर कसली. मच्छरदाणीच्या दोन दांड्या घेतल्या आणि पहाटे साडेपाचला गच्चीवर जाऊ लागलो. आधी आलेखाच्या कागदावर उजव्या तलवारीचं वर्तुळ लाल शाईने आणि डावीचं निळ्या शाईने काढलं. कागदावर दोन्ही वर्तुळं एकमेकांना कुठेही अडत नव्हती. गच्चीवर मात्र लाल वर्तुळ पाण्याच्या टाकीच्या पाइपला लागलं आणि निळ्यात क्षमाची वाळत घातलेली साडी गुंडाळली गेली. आखाड्यातले हरिदास उस्ताद मुद्दाम पाहायला आले, बराच वेळ डोकं खाजवत बसले आणि म्हणाले, “भाऊ, तुमचा डावा हात चालला का उजवा थांबून राहिला. दोन काठ्या घेऊन एकाचंच काम करून राहिले तुम्ही. मंग दुसरी काहून पाहिजे?” मी म्हटलं, चित्रात आहे म्हणून. त्यावर त्यांनी चहा संपवला आणि गेले.

माघार घेणं माझ्या रक्तात नाही. डावा हात कच्चा आहे ना, तर तो पक्का करू असं ठरवलं. दात डाव्याने घासले, कुलपं डाव्याने उघडली, भाजीची यादी डाव्याने लिहिली. (भाजीवाल्याने ‘दोडके’चं काय वाचलं देव जाणे, तीन किलो दुधी दिला.) डाव्याने जेवायला क्षमाने बंदी केली, आणि आरती डाव्याने ओवाळायला लागलो तेव्हा तबकच हिसकावून घेतलं. एवढं करून महिनाअखेर मी दोन्ही दांड्या सलग अकरा वेळा फिरवू शकत होतो, समोर कोणी नसेल तर.

गेल्या रविवारी ऑफिसात परीक्षा झाली. टेबलं बाजूला सारली होती. माझ्या हातात दोन दांड्या. ईराच्या उजव्या हातात एक वेताची काठी आणि डाव्यात आपली कणीक मळायची परात, मागे दोरी बांधून धरलेली. मी उजव्या पायावर भार देऊन पवित्रा घेतला. ईराने काहीच केलं नाही, वहिनी. परात पुढे धरली आणि रांगेत नंबर लागल्यावर माणूस चालतो तशी सरळ माझ्याकडे चालत आली. मी डावी दांडी हाणली, ती परातीवर आपटून उसळली आणि माझ्याच उजव्या मनगटावर येऊन पडली. सगळा प्रकार तीन सेकंदांत आटोपला. तीन सेकंद हे लोकेशने मोजले, कारण त्याने मोबाइलवर शूटिंग केलं होतं आणि दवाखान्यात नेतानेता ते हळू करून दोनदा पाहिलं.

ईरा हसली नाही. हाड बसवेपर्यंत माझं कोपर धरून बसली होती, आणि रडत होती. मला त्या हाडापेक्षा तेच जास्त दुखलं.

एवढं होऊनही लोकेश म्हणतो, अंकल को नहीं आया तो क्या हुआ, फोटो में तो है. मग मी घरी आलो आणि पितृपक्ष म्हणून यशवंतरावांचं चित्र पुसायला खाली काढलं. ओलं फडकं फिरवता फिरवता काय चमत्कार! डाव्या हातातली तलवारच फडक्यावर आली. तिच्याखाली गोल, काळी, चार पितळी फुलांची ढाल निघाली. ईराचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. मी लगेच लोकेशला बोलावून दाखवलं. आता त्याचं म्हणणं असं की चित्र पुसट झालंय, ढाल किती मोठी, मागे मूठ कशी, हे काही कळत नाही, खरी वस्तू दाखवा, आम्ही दसऱ्याआधी बदलतो. पोट्टा आहे, पण या बाबतीत त्याचं चुकलेलं नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा. हात दुखायला लागला आहे, म्हणजे डावाही, तेव्हा इथे थांबतो. मोठ्यांना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. कोठीवरच्या त्या झाकणाला चार पितळी फुलं आहेत. तुमच्या धाकटीच्या लग्नात तांदूळ काढताना मी पाहिली होती. ईराला ते झाकण आठ दिवसांसाठी हवं आहे. दादांच्या नकळत पिशवीत घालून पाठवता आलं तर पाहा. तोवर कोठीवर परात ठेवा, आमची हवी असल्यास आमची देतो, तिला फक्त एक पोचा आलाय.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. फडकं ओलं नव्हतं, टर्पेंटाइनचं होतं, आणि आख्खी दुपार घासत होतो. खाली काय आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आजोबा गेल्यावर वाटणीत तलवार आमच्याकडे आली आणि ढाल काकांकडे, म्हणजे दादांच्या वडिलांकडे, अभनपूरला गेली. त्या रागात वडिलांनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून चित्रातली ढाल झाकली आणि तिथे तलवार काढून घेतली. मी आठ वर्षांचा होतो. पेंटरला चहा मीच नेऊन दिला होता. हे लोकेशला आणि ईराला सांगायचं तर वडिलांचा राग सांगायला लागला असता, आणि मग ढाल मागायला अभनपूरला यावं लागलं असतं. वहिनी, अभनपूरच्या बसमध्ये चढण्यापेक्षा मला महिनाभर दोन दांड्या फिरवणं सोपं वाटलं. पोरीला मात्र मी तिच्या साहेबासमोर खोटं पाडलं. त्याची मला लाज वाटते.

ता. क. तिसरा, दादासाठी. वहिनी तुला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवतायत हे मला माहीत आहे, म्हणून ‘नकळत’ वगैरे लिहिलेलं विसर. खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर नुसती तलवार असते आणि तुमच्याकडे नुसती ढाल, अशी पंचावन्न वर्षं झाली. यंदा माझ्याने तलवार उचलवणार नाही, तेव्हा पूजा तुलाच करायची आहे. ढाल पार्सलने पाठवू नकोस. पोस्टात चौकशी केली, ते घेत नाहीत. ती माणसालाच घेऊन यावी लागते.