काकांची वरच्या मजल्यावर बदली

बाबा, तुमच्या धाकट्या भावाला मी वृद्धाश्रमात ठेवलंय, झाशीबाहेर बरुआसागरच्या रस्त्यावर. माझे गुडघे आता त्यांच्यासाठी उठबस करू देत नाहीत. तुम्ही असतात तर आधी तिथली पाण्याची टाकी उघडून बघितली असतीत. मीही बघितली. मानिक चौकात घेतलेली साखर तुम्ही दुसऱ्या दुकानात नेऊन पुन्हा तोलून घ्यायचात, आणि मी लाजेनं मागे उभी राहायचे. आता तोच संशय माझ्या अंगात मुरलाय, आणि तो वाईट आहे असं मला मुळीच वाटत नाही.

तिथली मॅनेजरबाई फार गोड बोलते. गोड बोलणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. तिनं भिंतीवरचा परवाना दाखवला. खालचा मजला चालत्या-फिरत्यांचा, वरचा ज्यांचं सगळं दुसऱ्याला करावं लागतं त्यांचा. ज्यांची आठवणच गेली त्यांच्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो यांच्याकडे नाही. काका खालचे, हे मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

परवा गेले तर काका वर! खाली त्यांच्या खाटेवर दुसरंच कुणी. मनात नको नको ते आलं. पडले असतील आणि हे लपवत असतील, नाहीतर गुंगीचं औषध देत असतील. मी पदर खोचून भांडायलाच उभी राहिले. मॅनेजरबाई म्हणाली, "दीदी, बाबूजी से अब खाया नहीं जाता। रोज थाली के बाहर चावल गिराते हैं, पानी भी गिरा देते हैं। जो खुद न खा पाए वो ऊपर, यही नियम है।"

मी कपाळाला हात लावला. अहो, चित्राहुती! जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या हाताला भाताची शितं ठेवायची. तुम्ही दोघे भाऊ पाटावर बसून रोज करायचात ते. एकदा तुमचं जेवण व्हायच्या आधीच मी ती पुसून टाकली, तर केवढे कडाडला होतात माझ्यावर. झाशीत राहून आपण घरातसुद्धा निम्मं हिंदी बोलायला लागलो, पण ती शितं सुटली नाहीत. आणि त्यांच्यापायी काका धडधाकट हातांचे असून लुळे ठरले. मी समजावल्यावर मॅनेजरबाईनं कान पकडले. "हाय राम, हमें क्या पता!" म्हणाली आणि लगेच त्यांना खाली आणायला माणूस बोलावला. इतक्या झटकन कबूल झाली म्हणून मला पुन्हा संशय आला.

वर जाऊन मी म्हटलं, "चला काका, खाली. मी सांगितलंय त्यांना." काका हलेनात. जेवणाची वेळ झाली होती. एक आया ताट घेऊन आली, वरणभात कालवला आणि "लो बाबूजी, मों खोलो," म्हणत घास पुढे केला. काकांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. चित्राहुती नाही, काही नाही. घास गिळून मला म्हणाले, "राहू दे ग. आई गेल्यापासून मला कुणी भरवलंच नव्हतं."

बाबा, त्यांना सगळं कळत होतं. एका वाक्यात त्या लोकांची चूक सांगता आली असती, पण ते गप्प राहिले. मी टाकीवर संशय घेतला, औषधांवर घेतला, त्या बाईच्या गोड बोलण्यावर घेतला. काकांवर घ्यायचं काही सुचलं नाही. मला रागही आला आणि रडूही आलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. निघताना मी त्या आयाला विचारलं, वर आणखी एखादी खाट रिकामी आहे का. कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.