सॅम हॉलो म्हणजे मी

मी, श्रीमती शुभा अरुण अकोलकर, वय ७६, व्यवसाय चित्रकार, राहणार नोव्हाय, मिशिगन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर सांगतात. मन मात्र जूनपासून थाऱ्यावर नाही. कारण कलम २ मध्ये येईल.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी रीमा हिला द्यावी. लोखंडी तवे तिला नको असतील तर मागेल त्याला द्यावेत, टाकू नयेत.

२. सॅम हॉलो या नावाने छापलेली, अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या जुन्या जीवनाची सर्व चित्रे मी काढलेली आहेत. घोडेस्वार, छपराच्या गाड्यांचे तांडे, शेकोट्या, सगळे. काउबॉयच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे मी वीस वर्षे केली. "शुभा नावाच्या बाईचा काउबॉय कोण विकत घेईल?" असे म्हणून प्रकाशकांनीच ते नाव ठेवले. मला काम हवे होते. त्यांचा माणूस रॉय हॅनली चित्रे न्यायला घरी येई, माझ्या हातचा चहा पिऊन जाई. पुढे कंपनी बुडाली, चित्रे परत आली नाहीत.

या जूनमध्ये नात नेत्रा मला वायोमिंगमधल्या एका छोट्या संग्रहालयात घेऊन गेली. "आजी, सरप्राइज आहे!" आत गेले तर भिंतभर माझी चित्रे. मधोमध रॉयचा फोटो आणि पाटी: सॅम हॉलो, खरे नाव रॉय हॅनली, निधन १९९८.  

एक साठीची बाई लोकांना सांगत होती, "माझे वडील कोठारात दार लावून चित्रं काढायचे. आम्हाला आत यायची परवानगी नव्हती." ती रॉयची मुलगी, कॅरल.

"आजी, से समथिंग!" नेत्रा कुजबुजली.

माझ्या तोंडून एवढेच आले, "हा डोंगर कुठला?"

"तेच तर कळत नाही," कॅरल म्हणाली. "अख्खं वायोमिंग पालथं घातलं."

तो अंजनेरी आहे. माझे बालपण त्र्यंबकचे. पश्चिम न पाहताच चित्रे काढत होते, म्हणून ओळखीचा डोंगर काढत गेले. हे मला तिथे सांगता आले नाही. कारण ती खोटे बोलत नव्हती. तिला ते सगळे खरेच वाटत होते. रॉयच्या चोरीपेक्षा हा धक्का मला जास्त बसला.

३. तळघरातली कच्ची रेखाटने कॅरल हयात असेपर्यंत उघड करू नयेत, असे मी आधी लिहिले होते. "दॅट्स नॉट फेअर, आजी. तुला पण, तिला पण," म्हणून नेत्राने परस्पर तिला फोन केला. गेल्या शनिवारी दार उघडले तर समोर कॅरल. 

तिने रेखाटने जमिनीवर मांडली. नेत्राने फोनवर अंजनेरीचा फोटो दाखवला. ती एकेक रेखाटन फोटोशेजारी धरून पाहत गेली. मग म्हणाली, "मग दार लावून ते आत काय करत होते?"

मी चहा टाकायला उठले. 

सर्व रेखाटने त्या संग्रहालयास द्यावीत. पाटीवर माझे पूर्ण नाव, देवनागरीतही, असावे. नाहीतर ती नेत्राची.

४. रॉय हॅनलीला मी क्षमा केलेली नाही, अशी नोंद असावी. त्याचा राग कॅरलवर कोणी काढू नये.

५. अरुणने गॅरेजमध्ये बनवलेला, चित्र टेकवायचा ईझल मी कॅरलच्या नावे लिहिणार होते. ती म्हणाली, "मला काही देऊ नका. ज्याला काही मिळत नाही त्याचीच साक्ष चालते ना? मला सही करू द्या." म्हणून ईझल नेत्राला.

ठिकाण: नोव्हाय. १८ ऑक्टोबर २०२५.

सही: शुभा अरुण अकोलकर

साक्षीदार १: केदार साठे, शेजारी.

साक्षीदार २: कॅरल हॅनली, रॉय हॅनली यांची मुलगी. मजकूर नेत्राने मला इंग्रजीत वाचून दाखवला. चित्रे यांचीच आहेत.