अन्य वारस नाही

बावडा, ता. इंदापूर
सोमवार, १४ जुलै २०२५

ती. द्वारकाक्कास,

धाकट्या सर्जेरावाचा शिरसाष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग.

काल रविवारी फोनवर अर्धा तास बोललो, त्यात निम्मा वेळ तू माझ्या गुडघ्याचं विचारत होतीस, आणि आज लगेच हे पत्र. दारात पोस्टमन बघून दचकू नको. इथं सगळे खुशाल आहेत. मोटार रिवायंडिंगचं दुकान बरं चाललंय. सिंधूनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीय. म्हैस गेल्या आठवड्यात व्यायली, रेडी झाली. गोड बातम्या आधी सांगून घेतो, म्हणजे पुढचं वाचायला तुला बळ राहील. मला लिहायला राहतं का, बघू.

मार्चमध्ये तू विचारलंस, "इंदापूरच्या कोर्टात तुला कुणीतरी पाह्यलं म्हणं. काय लफडं केलंस रं?" मी म्हटलं, सोसायटीच्या कामाला गेलो होतो. सोसायटीचं कसलं आलंय काम कोर्टात! तू हसलीस आणि सोडून दिलंस. अक्का, मी दावा लावला होता. आपल्या शेजारच्या बाजीरावावर. आई गेल्यावर तू चूल सांभाळायचीस, तेव्हा तुझ्या हातचा आमटी-भात माझ्याआधी खाऊन जाणारा तोच बाजीराव. तो दावा चार जुलैला फेटाळला गेला.

झालं ते असं. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यानं आपल्या भिंतीला खेटून पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला. मी म्हटलं, "हातभर तरी जागा सोड, माती-दगडाची भिंत हाय." तो म्हणाला, "काय न्हाय हुत, सर्जा." पुढच्या आठवड्यातच माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली. आज तिच्यात माझा पंजा जातो. तुझी झोपायची जागा तिथंच, म्हणून दर भाऊबिजेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं लोखंडी कपाट भेगेपुढं सरकवतो आणि तुझं अंथरूण सोप्यात घालतो. "माजघरात लई मुंग्या झाल्यात" हे सिंधूचं वाक्य तुला पाठ झालं असेल. मुंग्याबिंग्या काही नाहीत.

मग लगेच दावा का नाही लावला, असं कोर्टानंही विचारलं. बाजीराव म्हणायचा, "ऊस जाऊ दे, भिंत बांधून देतो." ऊस गेला. मग त्याच्या पायलचं लग्न निघालं. मी नोटिशीचं बोललो तर सिंधू अंगावर आली, "लगीनघराला नोटीस धाडता व्हय? लोक तोंडात शेण घालतील!" उलट त्या लग्नात मी तीन पंगती वाढल्या. मग त्याची आई चतुराबाई गेली. वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्या दारात कोर्टाचा माणूस कसा पाठवायचा? मग कोरोना. असं करत करत दावा लागला २०२२ च्या सप्टेंबरात. कायद्यानं मुदत तीन वर्षांची. कोरोनाची सूट धरूनही मी चार महिने उशिरा. शेजाऱ्याचं लग्न आणि सुतक ही उशिराची कारणं होऊ शकत नाहीत, असं न्यायाधीशबाईंनी निकालात लिहिलंय. त्यांचं बरोबर आहे.

पण ती नुसती निमित्तं होती, हे त्यांना ठाऊक नाही. तुला सांगतो.

२०१८ लाच मी वकिलांकडे गेलो होतो. दादासाहेब म्हणून आहेत. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "घर वडिलांचं. तुमाला बहीण हाय न्हवं? तिची सही आणा, आठवड्यात दावा लावू." एक सही फक्त. बारामती म्हणजे काय काशी आहे? दोन तासांची एसटी. पण मी ती सही चार वर्षं आणली नाही, आणि शेवटी एकट्याच्याच नावानं दावा लावला.

का, ते लिहायला सकाळपासून तीन कागद फाडले.

अकरा वर्षांपूर्वी आबा गेले, त्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी तू माझ्या भादरलेल्या डोक्याला खोबरेल चोळलंस आणि "टक्कल शोभतंय रं तुला" म्हणून रडता रडता हसलीस. तिथून उठलो तो थेट ग्रामपंचायतीत गेलो. घराला वारस लावायचे होते. ग्रामसेवकानं विचारलं, वारस किती? तिथं बसलेले म्हणाले, लेकीबाळींची नावं कोण लावतंय, दिवाळीला साडी-चोळी केली की झालं. मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. 'मयतास माझ्याशिवाय अन्य वारस नाही.' खाली माझी सही.

म्हणजे अक्का, त्या कागदाप्रमाणे मला बहीणच नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तू कधी वीतभर जागा मागणार नाहीस, हेही मला माहीत होतं. तरी वाटलं, उद्या दाजी काही बोलले तर, भाच्यांनी मागितलं तर? लोभ होता गं. दुसरा शब्द नाही त्याला. तुझी सही मागायची म्हणजे तो कागद तुझ्यापुढं ठेवायचा. भिंत पडली तर पडू दे, पण तू ते वाचू नयेस, असं मला झालं होतं.

गेल्या वर्षी उलटतपासणीत बाजीरावाच्या वकिलानं नेमका तोच कागद काढला. म्हणाला, "द्वारकाबाई नावाची बहीण आहे का तुम्हाला?" समोर बाजीराव मान खाली घालून बसलेला. दादासाहेबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "काय बी विचारलं तरी आठवत न्हाय म्हणा, पुढचं मी बघतो." मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हाय. थोरली हाय. तिनंच मला वाढवलं." दादासाहेबांनी कपाळाला हात लावला. यात माझं काही मोठेपण समजू नको. एकदा लिहून खोटं बोललो होतो, तोंडानं पुन्हा निघेना, एवढंच.

मग कोर्टानं तुला दाव्यात सामील करायला दोन तारखा दिल्या. दोन्ही वेळा मी गुडघा दुखतो म्हणून अर्ज टाकला. गुडघा दुखतो गं, पण तेवढा नाही. शेवटी मुदत गेली म्हणून आणि बहिणीला पक्षकार केलं नाही म्हणून दावा फेटाळला. बाहेर आल्यावर दादासाहेब म्हणतात, "अपील बारामतीला, तीस दिवसांत. तितं बहिणीकडंच मुक्काम टाका की!"

त्या संध्याकाळी सिंधूला सगळं सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अकरा वर्सं वन्संच्या हातनं ओवाळून घेतलंत, लाज कशी न्हाय वाटली?"

गेल्या शुक्रवारी ग्रामपंचायतीत जाऊन नवं प्रतिज्ञापत्र दिलं. आधीचं खोटं होतं, मयतास एक मुलगी व एक मुलगा, मुलगी थोरली, असं लिहिलं. त्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ दे. तुझं नाव लागायचा कागद तुला येईल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. अपिलाला वीस दिवस उरलेत. करायचं की नाही, ते आता तू ठरव. या पत्रातून मी सही मागत नाही. भेग मी टेकू लावून धरीन, नाहीतर पाडून पत्रा मारीन. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मात्र मला काही सुचायचं नाही, अक्का.

उत्तर पत्रानं देऊ नको, फोनवर तर नकोच. इथं ये आणि मोठ्यानं भांड. बाजीरावालाही ऐकू जाऊ दे. आणि भांडण झाल्यावर पिशवी उचलून एसटी गाठू नको. घर तुझं आहे. कुणी निघून जायचंच असेल, तर तूच मला 'नीघ' म्हणायचं.

तुझा धाकटा भाऊ, हे आता सरकारी कागदावर लिहून दिलेला,
सर्जेराव