शून्य म्हणजे कुणी नाही

४ नोव्हेंबर २००६, जालना

चालला! आठ दिवस प्रोसेसरची नक्कल करणारा हा सिम्युलेटर दर पाच मिनिटांनी आपटत होता. माझा पासवर्ड पुन्हा रुसलेला, म्हणून लॅबमधल्या सर्जेरावच्या नावाने मशीनवर बसले, कोडमधल्या रिकाम्या जागा भरून टाकल्या — आणि चालला एकदाचा! जेवले आणि झोपले.

१९ जानेवारी २००७

शून्य नंबरचा कोर हावरट निघाला म्हणे! सिम्युलेटरमधल्या प्रोसेसरला चार कोर, म्हणजे काम करणारे चार गडी — शून्य, एक, दोन, तीन. चौघांना सारखंच काम दिलेलं, आणि मेमरीकडे जाणाऱ्या निम्म्या मागण्या एकट्या शून्याच्या! माझे गाइड जिगे सर खूश. "यावरच प्रबंध उभा करा." मला पटत नाही. सारखं काम तर सारखी भूक. सर म्हणतात, "आलेख खोटं बोलत नाही." आलेख कशाला बोलेल! बोलायचं मला आहे, परीक्षकांसमोर. दोन वर्षांच्या कामाचं हसं होईल ते माझं, सरांचं नाही.

२० जानेवारी

एकेक मागणी कोणत्या कोरकडून निघाली, ते उलटं शोधत जायचं ठरवलं. त्यात दिवसाला सात तास वीज नाही. चुलीत गेलं ते एम.ई.!

२६ जानेवारी, टेंभुर्णी

आईने विचारलं, तू नेमकं करतीस काय? म्हटलं, चार जावा एकाच कणगीतून धान्य काढतात, कुणी किती काढलं ते शोधते.

"मंग त्याला इंजिनेर कशाला लागतो? कणगीपाशी सासू बशिवली की झालं!"

रागात असून हसू फुटलं.

दळण आणायला गेले तर गिरणीत भांडण. शेजारच्या रखमाजींची झुंबरबाई गिरणीवाल्या गयासोद्दीनचाचांवर तुटून पडली होती. "आमच्या घरी काय पलटण जेवती का? हे सात डबे कोणाचे आणून टाकले?" चाचा शांत. "डब्यावर खडूनं नाव न्हाई ना, भाभी. बिननावाचा डबा मी रखमाजीच्याच नावावर ठिवून राह्यलो. घर समोर हाय, बराबर पोचतो." सगळे हसले. मी मात्र पीठ तिथेच विसरून घरी आले. उद्याच जालन्याला जाते.

२९ जानेवारी, जालना

सापडलं! कॅशेतून, म्हणजे कोरजवळच्या छोट्या साठ्यातून, बाहेर काढलेला माल मेमरीत परत जातो, त्या खेपेवर मागणाऱ्याचा नंबरच नसतो. आणि त्या रिकाम्या जागी कुणा दीडशहाण्याने सरळ शून्य लिहून ठेवलंय! शून्य म्हणजे कुणी नाही, असं समजून! अरे, इथे मोजणीच शून्यापासून होते! शून्य हा पहिला कोर, चांगला जिवंत! सगळ्यांचं खापर त्याच्या डोक्यावर. फाइलच्या वर बदल करणाऱ्याचं नाव बघितलं — सर्जेराव.

माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसणारा! गेले दहा दिवस मी डोकं आपटतेय आणि हा मुकाट बघतोय!

३० जानेवारी

सगळ्या लॅबसमोर झाडला त्याला. "मला तर बिलकुल आठवत न्हाई," म्हणाला, "पण नाव माझं हाय ना, मंग मीच केलं आसंल." इतका थंड! त्याने तर आणखीच भडकले. फाइल छापून सरांपुढे टाकली. बंगळूरला पीएच.डी.च्या अर्जासाठी त्याला सरांचं शिफारसपत्र हवं होतं, मुदत उद्यापर्यंत. सर म्हणाले, "असल्या निष्काळजी पोरासाठी मी सही करणार नाही." बरं झालं! एकदा चटका बसल्याशिवाय माणूस शिकत नाही.

३१ जानेवारी

ती ओळ सुधारून पुन्हा चालवलं. चौघे कोर सारखेच निघाले! शून्य बिचारा उगाच बदनाम झाला. सर्जेराव आला नाही, वडीगोद्रीला घरी गेला म्हणे. जाऊ दे.

१ फेब्रुवारी

प्रबंधात लिहायचं म्हणून ती चूक कधीची ते बघितलं. फाइलवर तारीख ४ नोव्हेंबर. त्या दिवशी हा गडी काय दिवे लावत होता, म्हणून या वहीची पानं मागे उलटली.

शिफारसपत्राची मुदत काल संपली.