सर्व काढा

सोमवार, ३ फेब्रुवारी

बाळ, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. वही तू जाताना दिलीस, रोज एक पान लिहा आणि फोटो काढून पाठवा म्हणालीस, आणि मी दोन महिने तिच्यावर नुसता चष्मा ठेवत आलो. आज मात्र लिहिण्यासारखं आहे. मी तुझ्या काकांच्या घरी राहायला आलो. काकूने वरची खोली झाडूनपुसून ठेवली होती. खिडकीशी टेबल, टेबलावर काकांचा संगणक, खुर्चीवर त्यांची चपटी झालेली उशी. ऊन थेट पाठीवर येतं. पोटभर जेवलो.

काका गेल्यापासून त्यांच्या वेबसाइटकडे बघायला कोणी नाही, म्हणून मला बोलावलंय. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं सकाळी फोनवर एक बटण दाबतात. बटणावर एकच शब्द आहे, ‘आहे’. दहा वाजेपर्यंत ज्याचं ‘आहे’ आलं नाही त्याच्या दारावर किल्लीवाला जातो, आणि कोणी ओ दिली नाही तर कुलूप उघडतो. एकूण दोनशे एकतीस माणसं. यामुळे तीन जण वेळेत दवाखान्यात पोचले, असं काकू सांगत होती.

तिने विचारलं, भाऊजी, तुम्हाला जमेल ना? मी म्हटलं, छापखान्यात शेवटची पाच वर्षं संगणकावरच तर होतो. होतो म्हणजे, संगणकाच्या शेजारच्या टेबलावर होतो. ते आता कुठे सांगत बसू.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिला दिवस छान गेला. ‘आहे’ आलं की नावापुढचा ठिपका हिरवा होतो. सगळ्यात आधी मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई, पाच वाजून चाळीस मिनिटांनी. काकू म्हणते, इतक्या वर्षांत त्यांची वेळ चुकली नाही. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. त्यांनी मला फोन करून बजावलं की काकांच्या खुर्चीत बसलात तर वेळेवर बसा, मी उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं करायचे.

किल्लीवाला दहाला येऊन गेला. साठीचा आहे, जिभेला हाड नाही. मला ‘छापखाना’ म्हणतो. दोघांचं ‘आहे’ आलं नव्हतं. एक विसरला होता, दुसरी बाई त्याच्याशी बोलायला मिळावं म्हणून मुद्दाम दाबत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हे पान तुला पाठवू की नको, कळत नाही.

काकूने खालून हाक मारली की भाऊजी, सगळ्यांच्या नोंदी काढा, किल्लीवाल्याला कागदावर हव्यात. पडद्यावर बटण होतंच, ‘सर्व काढा’. बाळ, मी चाळीस वर्षं हा शब्द एकाच अर्थाने ऐकला. दोनशे प्रती काढा. दुसरं प्रूफ काढा. काढा म्हणजे छापा. मी दाबलं. संगणकाने विचारलं, खात्री आहे का? मी ‘होय’ दाबलं आणि प्रिंटरकडे तोंड करून बसलो.

कागद आला नाही. पडद्यावर लिहून आलं, ‘नोंदी : ०’.

काकू चहा घेऊन वर आली, झालं का म्हणाली. मी म्हटलं, कागद संपलाय.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

यादीच नाही, तर सकाळी कोणाचं ‘आहे’ येणार? किल्लीवाल्याला मी सांगितलं, आज सगळे ठीक आहेत. त्याने मान डोलावली आणि गेला.

काकांच्या वहीत उपाय सापडला. दर रविवारी यादीची एक प्रत आपोआप ठेवली जाते, अडचण आली तर प्रत निवडून ‘परत आणा’ दाबायचं. दार लावून बसलो. बघतो तर सगळ्या प्रती रिकाम्या. एकच भरलेली होती, तिच्यावर काका गेले त्या दिवसाची तारीख. मी हरखून गेलो. ‘परत आणा’ दाबलं. पाऊण तास लागला, दुपार झाली. नोंदी आल्या तीनशे अठ्ठेचाळीस. जास्त आहेत, पण कमी तर नाहीत, असं मनाला समजावलं.

त्या दिवशी रविवार नव्हता, काका शुद्धीत नव्हते, आणि या खोलीची किल्ली दवाखान्यात माझ्या खिशात होती. हे आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा एवढंच वाटलं की अब्रू वाचली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सगळे ठिपके हिरवे. तीनशे अठ्ठेचाळीस. वेळ सगळ्यांची एकच, सहा वाजून बारा मिनिटं.

किल्लीवाला म्हणाला, तुझा पायगुण चांगला आहे, आज पायांना सुट्टी. मी हसलो. त्याला यादी छापून दिली, या वेळी नीट. तो बोट ठेवत वाचत गेला आणि एका शिंप्याच्या नावाशी थांबला.

‘याचं दार मीच उघडलं होतं, छापखाना. दोन वर्षं झाली.’

मी म्हटलं, जुनी नोंद राहिली असेल. राहिलेली नोंद सकाळी उठून बटण कसं दाबेल, हे त्याने विचारण्याआधीच मी काकूला चहा टाकायला सांगितलं. तो गेल्यावर काकांच्या वहीशी ताडून पाहिलं. जास्तीचे एकशे सतरा, सगळे गेलेले.

मास्तरीणबाईही आज सहा बाराला. पाच चाळीसला नाहीत. ते मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसलो. बोललो असतो तर बुधवारपासूनचं सगळं सांगावं लागलं असतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सहा बारा. सगळे. बाईही. सकाळी दोनदा जिना उतरलो, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. हिरवा ठिपका असताना दार वाजवलं तर लोक विचारतील, का आलात. परत फिरलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाई गेल्या. फोन लागेना म्हणून भाची आली, तिने किल्लीवाल्याला बोलावलं. स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी पडल्या असाव्यात, जीव शनिवारी दुपारी गेला. फोन गुरुवारपासून बंद पडलेला. शुक्रवार पूर्ण दिवस जिवंत होत्या, बाळ. मी गल्लीच्या तोंडाशी होतो तेव्हाही.

काकू मला म्हणाली, ‘पडद्यावर आहे म्हणून दिसत होतं. तुम्ही तरी काय करणार, भाऊजी?’

तिने थोबाडीत मारली असती तर सोपं झालं असतं. तरीही बोललो नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

मास्तरीणबाई. सहा बारा. आहे.

त्यांची नोंद काढली. आता अर्थ माहीत आहे. पुन्हा आली. पुन्हा काढली — आली.

मग किल्लीवाल्याला आणि काकूला समोर बसवून सगळं सांगितलं. मान वर करता आली नाही. त्याने शिवी दिली नाही. हळूच म्हणाला, ‘म्हणजे जे आहेत, त्यांतले खरोखर कोण आहेत, हे आता कोणालाच माहीत नाही.’ पिशवी उचलून निघाला. दोनशे तीस दारं. प्रत्येक दारातून फोन करतो म्हणाला.

नऊ फोन आले. नऊ जण धडधाकट, उगाच दार वाजवलं म्हणून चिडलेले. दहाव्या दारातून फोन नाही. दुपारी त्याचा निरोप आला, लिहिलेला. एकच शब्द.

काकू त्याला बघायला गेली. मी येतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही बसा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काकू आली नाही. यादी तीनशे पन्नास. शेवटी दोन नवी नावं, किल्लीवाला आणि — दोन्ही हिरवी.

तिला फोन केला. वाजला, बंद झाला, निरोप आला. तोच शब्द.

संगणकाची वायर उपटली. तरी फोनवर यादी दिसते. माझं नाव शोधलं, नाही. मला तिथेही कोणी घेत —

दहाव्या दारापर्यंत गेलो. दार उघडं. आत चहा गरम होता. हाक मारली नाही. मारायला हवी होती. पळालो —

सगळी पानं तुला पाठवली. एकही लपवलं नाही. बाप कसा आहे ते तुला कळू दे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं. सकाळी, सहा बाराला.

‘आहे.’

बाळ, तू कधी एवढं लहान लिहीत नाहीस. तू रागावलीस की पानभर रागावतेस. रागाव. बाप म्हणू नकोस मला, ते चालेल — फोन करते आहेस का? वाजतोय. उचलला, पण पलीकडे कोणी — नुसता श्वास —

ठेवून दिला. तू असशील तर लवकर कळव. आजच कळव. काहीही लिही, शिवी लिही, फक्त तो शब्द नको, तो सोडून दुसरा कुठलाही —