आखाजीच्या दिवसाचं चलान

शनवारा, बऱ्हाणपूर
बुधवार, ११ मार्च

प्रिय उम्या,

आधी हेल्मेट घे, मग पुढचं वाच. सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि सुरुवातच अशी, म्हणून हसू नकोस. हा निरोप माझा नाही, बऱ्हाणपूरच्या कोर्टाचा आहे, आणि तो तुला पोचवीन असं मी भर कोर्टात कबूल करून बसले आहे. पत्ता कुठून मिळाला ते पुढे येईलच. तुझ्यासाठी अण्णांचे मिलमधले जुने सोबती पुण्याला विचारून आले, सुरतेला विचारून आले, मी तर फेसबुकवर उमेश फेगडे नावाच्या साऱ्या जगाला मेसेज टाकले. आणि तू बसलास खंडव्याला, इथून पॅसेंजरने दीड-दोन तासांवर. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

जानेवारीतल्या एका रविवारी समोरच्या शोभाकाकू आपल्या ओट्यावर आईबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या, आणि एक हवालदार छाया नामदेव फेगडे कोण म्हणून विचारत आला. चौदा वर्षं शाळेत पोरांना रांगेत उभं करणाऱ्या बाईला समन्स! काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मोटार वाहन कायद्याखालची केस, नंबर माझ्या मोरपंखी स्कूटीचा, चालक हजर झाला नाही म्हणून वाहनस्वामीने हजर व्हावं. पेशीची तारीख होती, पण गुन्हा कधी घडला, कुठे घडला, काही नाही. मला तेवढ्यात एकच दिसलं. गाडी चालते आहे, म्हणजे चालवणारा आहे. मी मोरीत जाऊन पोटभर रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांना चहा केला.

सल्ले देणाऱ्यांची मग रीघ लागली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे प्रत्येकाने ऐकवलं. विनायक वकिलांनी तर अर्जच लिहून ठेवला: गाडी सहा वर्षांपूर्वी चोरीला गेली, भीतीपोटी तक्रार केली नाही, वाहनस्वामीचा संबंध नाही. सही करा आणि सुटा, म्हणाले. सुटले असते रे मी, पण मग चोर कोण ठरला असता? अण्णांनी तुला मिलमधल्या मुलाखतीला धाडलं आणि तू दिवसभर असीरगढच्या किल्ल्यावर जाऊन बसलास, संध्याकाळी गल्लीदेखत त्यांनी तुझ्या मुस्काटात मारली, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले, आणि तू माझ्या गाडीची किल्ली उचललीस. खिळ्यावरची किल्ली घरातल्या माणसाने उचलली तर तिला चोरी म्हणत नाहीत. अण्णांचं म्हणणं मात्र निराळंच होतं. ते चोरी म्हणेनात, भावाने नेली असंही म्हणेनात. दंड भर आणि मोकळी हो, जुने कागद कशाला उकरतेस, एवढंच पुन्हा पुन्हा. मला वाटलं, त्यांचा राग अजून जिरलेला नाही.

मी कागद उकरायचेच ठरवले. शाळेच्या कॉम्प्युटरवर कोर्टाच्या साइटवर केस नंबर घातला, तर आरोपी म्हणून माझंच नाव आणि पुढची तारीख. मूळ चलान काही दिसेना. मग अर्धी रजा टाकून कोर्टात गेले. तिथे झाडाखाली टेबल टाकून बसणारे गोटू मुन्शी म्हणून एक साठीचे गृहस्थ आहेत. त्यांनी मला चलानाच्या नकलेचा अर्ज लिहून दिला, कोर्ट फीचं तिकीट कुठे चिकटवायचं ते दाखवलं. पहिल्या खेपेला नकला देणारे बाबू रजेवर. दुसऱ्या खेपेला असा कागदच नाही म्हणाले. तिसऱ्या खेपेला गोटू मुन्शी स्वतः आत आले आणि त्यांनी बाबूला समजावलं की केस या वर्षी उघडली असली तरी चलान आधीचं असणार, जुन्या सालाचं गाठोडं सोडा. बाबूने गाठोडं सोडलं नाही, कपाळाला आठ्या घालून उद्या या म्हणाले. चौथ्या खेपेला मी डबा घेऊनच गेले आणि त्यांच्या खिडकीसमोर बसून भाकरी खाल्ली. दुपारी तीन वाजता शिक्का मारलेली नक्कल माझ्या हातात होती.

चालकाचं नाव उमेश नामदेव फेगडे. सही तुझीच, शेवटच्या ड्याला उगाच शेपूट काढलेली. पत्ता खंडव्याचा, एका मोटार वाइंडिंगच्या दुकानाचा. हेल्मेट नाही, गाडीचे कागद नाहीत. ठिकाण शनवारा गेट, म्हणजे आपल्या दारापासून दोन मिनिटं. आणि तारीख १० मे, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मी तिथेच बाकावर बसून मोबाइलवर कॅलेंडर काढलं, त्या तारखेपुढे अक्षय्य तृतीया लिहिलेली. गेल्या वर्षीची नाही, त्याच्या आदल्या वर्षीची आखाजी होती ती.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. त्या आखाजीला आई सकाळपासून मांडे करत होती. संध्याकाळी घागरीपाशी दिवा लावून ती खिडकीशी गेली आणि तशीच अनवाणी बाहेर पळाली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन परत आली, धाप लागलेली, आणि म्हणाली, “उम्या आलता. गाडी वळवून गेला. गालाची हाडं वर आलीत त्याच्या.” मी बाहेर जाऊन पाहिलं, गल्ली रिकामी होती. ओट्यावर बसलेल्या अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले कोणी आलं नाही, हिला भास होतात. आईने तरीही तुझं ताट वाढलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते उचलू दिलं नाही. त्यानंतर आपल्या घरात हे वाक्यच होऊन बसलं, आईला भास होतात. दूध आलं म्हणाली तरी पातेलं उघडून बघायचं. नळ बंद केला म्हणाली तरी जाऊन बघायचं. गॅसपाशी एकटीला जाऊ द्यायचं नाही. डॉक्टरांनी संध्याकाळची एक गोळी दिली, ती घेतली की ती भिंतीकडे बघत बसायची. आणि उम्या, डॉक्टरांकडे नेणारी मीच. तिच्यासमोर, जणू ती तिथे नाहीच असं, तिच्याबद्दल बोलणारी मीच. तिने एकदाही उलटून उत्तर दिलं नाही. मांडे मात्र तेव्हापासून केले नाहीत.

नक्कल मी लगेच घरी दाखवली नाही. आधी पेशी उरकायची होती, अर्धवट काही मला आईपुढे न्यायचं नव्हतं. पेशीच्या दिवशी विनायक वकिलांनी चोरीचा अर्ज पुढे सरकवला, तो मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. नाव पुकारलं. मॅजिस्ट्रेट बाई माझ्यापेक्षा लहान असतील. गाडी तुमची, मग चालवत कोण होतं, असं त्यांनी विचारलं, आणि मी शाळेत प्रार्थना सांगते त्या आवाजात म्हणाले, “मैडम, गाड़ी मेरी है। मेरा भाई चलाता है। मेरी मर्ज़ी से।” ही मर्जी सहा वर्षं उशिरा दिलेली होती हे मला ठाऊक, तुला ठाऊक, कोर्टाने ती खरी धरली. दंड झाला, मी तिथल्या तिथे भरला, केस संपली. निघताना बाई म्हणाल्या, “भाई को बोलना, हेलमेट पहने।” मी सांगते म्हटलं आणि सगळं कोर्ट हसलं, विनायक वकील सोडून. पायऱ्या उतरताना मला आपल्या शाळेने एखादी ढाल जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि गोटू मुन्शींनी मला मावा जिलेबी खाऊ घातली, पैसे देऊ दिले नाहीत.

घरी आले तर आई आणि अण्णा दोघंही पुढच्या खोलीत. मी बसलेसुद्धा नाही. नक्कल काढली आणि मोठ्याने वाचली, नाव, जागा, तारीख, वेळ, शिक्का. आई ऐकत होती. तिने कागद मागितला, चष्मा लावला आणि तुझ्या सहीवर बोट ठेवलं. मला वाटलं रडेल. ती उठली, फळीवरची गोळ्यांची पाकिटं काढली आणि अण्णांच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, “ह्या आता तुम्ही खा. मले बरोबर दिसते.” आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने स्वतः गॅस पेटवला. मी उंबऱ्यातच तिच्या पायाशी बसून माफी मागितली. तिने मला बटाटे सोलायला दिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, त्यांनी गोळ्या थांबवल्या. परवा तिने मांड्यांसाठी गहू काढायला सांगितले आहेत, आणि ती सांगेल ते या घरात आता तपासून बघायची कोणाची हिंमत नाही.

अण्णा मात्र दोन दिवस जेवले नाहीत. मी अश्विनीकडून तुझी खात्री करून घेण्यात गुंतले होते. ती माझ्याबरोबर शिकवते, माहेर खंडव्याचं. तिचा भाऊ दुकानावरून गेला आणि सांगितलं, माणूस तोच, मोरपंखी स्कूटी बाहेर उभी, रविवारी दुकान बंद. ही बातमी मी सकाळी चहाच्या वेळी सांगितली, तेव्हा अण्णांनी कपबशी खाली ठेवली आणि आईला म्हणाले, “मी पाहिलं होतं त्याला. पेपर वाचत होतो. त्याने समोर गाडी थांबवली. मले काय बोलावं सुचलं नाही, म्हणून पेपर वर केला. खाली केला तर तो वळला होता.” मग आई धावली, सगळे विचारायला लागले, आणि हिला भास होतात हे तोंडातून निघून गेलं, म्हणाले. एकदा निघालं ते परत घेता येईना. उम्या, मी आयुष्यात अण्णांवर ओरडले नव्हते, त्या सकाळी ओरडले. आईने मला हाताने थांबवलं. हा तिचा मुकदमा होता आणि निकालही तीच देणार होती.

निकाल असा: ज्या ज्या घरी अण्णा म्हणाले की हिला भास होतात, त्या त्या घरी त्यांनी स्वतः जाऊन सांगायचं की भास नव्हते, मी खोटं बोललो. शोभाकाकूंकडे गेले. डॉक्टरांकडे गेले. आपली भांडी घासणाऱ्या मालूबाईला ओट्यावर बसवून सांगितलं. भजनातल्या सुमनमावशींकडे गेले, रावेरला मामांकडे बसने जाऊन आले. प्रत्येक घराहून परत आले की आई विचारायची, सांगितलं? आणि ते मान हलवायचे. आता एकच घर उरलं आहे, तुझं, आणि ते सांगायलाच हे पत्र. त्या संध्याकाळी पेपर वर गेला तो तुला हाकलायला, असं समजून तू दोन वर्षं तिकडे बसला असशील. तसं नव्हतं, हे तुला अण्णांच्या तोंडून ऐकायचं आहे. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने ते येतील, एकटेच. मी सोबत जाते म्हटलं तर आईने मला दटावलं, आणि गाडीत वाचायला पेपरसुद्धा नेऊ देणार नाही म्हणाली. ते तुझ्या दारात उभे राहतील आणि लगेच बोलतील असं नाही, त्यांना वेळ लागतो. तू थांब. ते बोलेपर्यंत थांब, आणि मग दोघं मिळून संध्याकाळच्या गाडीने घरी या. आई मांडे दोघांच्या हिशेबाने करणार आहे.

तुझीच ताई,
आणि कोर्टाच्या नोंदीप्रमाणे तुझ्या गाडीची मालकीण,
छाया